दुर्बल शक्तीचा जमाखर्च

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें १४० ग्रॅम पोटॅशियम असतें. केळीं, बटाटे, डाळी यांतून तें रोज येतें आणि रोज जातें. या पोटॅशियमच्या दर दहा हजार परमाणूंमागें एखादा परमाणु निराळा, अस्थिर असा असतो. आणि अशा अस्थिर परमाणूंपैकीं चार हजारांहून अधिक परमाणु दर सेकंदास शरीरांतल्या शरीरांत मोडत असतात. ‘मोडतात’ हा शब्द खरें पाहतां थोडा जादा आहे. बहुतेकांच्या बाबतींत एवढेंच घडतें कीं, परमाणुगर्भांतील एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, त्याच्या जोडीला न्यूट्रिनोच्या कुळांतला एक कण कोणाच्याही नजरेस न पडतां निघून जातो, आणि पोटॅशियमचा परमाणु कॅल्शियमचा होऊन बसतो. ज्याच्या शरीरांत हें घडतें त्याला त्याचा पत्ताही नसतो.

हें रूपांतर घडवून आणणाऱ्या शक्तीस दुर्बल शक्ति असें नांव आहे. गुरुत्वाकर्षण वस्तूंना एकमेकींकडे ओढतें. विद्युच्चुंबकीय शक्ति ओढते आणि ढकलतेही. परमाणुगर्भांतील प्रबल शक्ति घट्ट बांधून ठेवते. या तिन्ही शक्तींच्या कारभारांत कण मूळचा जो असतो तोच राहतो. कणाचें स्वत्वच पालटून टाकणारी शक्ति ही एकटी. सूर्याच्या पोटांत दोन प्रोटॉन कायमचे एकत्र नांदावयाचे तर त्यांतील एकाला न्यूट्रॉन व्हावें लागतें, आणि तें काम दुसऱ्या कोणाकडून होत नाहीं. सूर्याची शिदोरी ४६० कोटी वर्षें पुरली व जवळजवळ तितकींच आणखी पुरावयाची आहे, याला या पहिल्या पायरीचा संथपणा पुष्कळसा कारणीभूत आहे.

अशा या शक्तीचा हिशेब शास्त्रज्ञांच्या वहींत पहिल्यापासून कधीं सरळ जुळला नाहीं. दर वेळीं कोठेंतरी तूट निघाली. आणि दर वेळीं ती तूट कशाची, निसर्गांत दडलेल्या एखाद्या गोष्टीची कीं मोजणाऱ्याच्या चुकीची, हें ठरविण्यास वर्षानुवर्षें लागलीं. आजमितीसही अशीच एक तूट वहींत उघडी पडून आहे. ती दहा हजारांत सुमारें पंधरांची आहे. एवढ्याशा तुटीसाठीं जगांतील अनेक प्रयोगशाळा कामास कां लागल्या आहेत, हें समजण्यास आधींच्या तुटी पाहणें अवश्य आहे.

किरणोत्सर्गाचा शोध आंरी बेकरेल यानें १८९६ सालीं पॅरिस येथें लावला. त्या किरणांपैकीं बीटा किरण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन होत, हें लवकरच समजलें. एका विशिष्ट परमाणूचा दुसरा विशिष्ट परमाणु होतांना ठराविकच ऊर्जा मोकळी व्हावयास हवी आणि ती सर्व इलेक्ट्रॉनाच्या पदरीं पडावयास हवी, ही अपेक्षा. परंतु १९१४ सालीं जेम्स चॅडविक यानें बर्लिन येथें मोजून पाहिलें तों कांहीं निराळेंच आढळलें. सावकाराच्या तिजोरींतून दर खेपेस शंभर रुपये निघावे आणि घेणाऱ्याच्या हातांत कधीं ऐंशी, कधीं तीस, तर कधीं दहाच पडावे, असा तो प्रकार होता. नील्स बोर याच्यासारखा मनुष्य ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच अशा ठिकाणीं सोडून द्यावयास तयार झाला. वुल्फगांग पाउली यानें मात्र तसें केलें नाहीं. ४ डिसेंबर १९३० रोजीं त्यानें ट्यूबिंगेन येथें जमलेल्या सहकाऱ्यांस एक पत्र धाडलें; झुरिकमधील एका नृत्यसमारंभामुळें त्याला स्वतः जातां आलें नव्हतें. राहिलेली रक्कम एक विद्युद्भाररहित, न दिसणारा कण घेऊन जात असावा, असें त्यांत सुचविलें होतें. तो कण, म्हणजेच न्यूट्रिनो, प्रत्यक्ष प्रयोगांत सांपडावयास १९५६ साल उजाडावें लागलें. पहिली तूट अशा रीतीनें खऱ्या कणाची निघाली.

एन्रिको फर्मी यानें १९३४ सालीं या विघटनाची पद्धतशीर उपपत्ति मांडली. तिच्यांत शक्तीचा जोर दाखविणारी एकच संख्या होती. तिला दुर्बल शक्तीचा ‘दर’ म्हणावयास हरकत नाहीं. पुढें विश्वकिरणांत म्यूऑन नांवाचा, इलेक्ट्रॉनाच्या सुमारें २०७ पट जड असा कण आढळला. तो सेकंदाच्या सुमारें २२ कोट्यंश भागांत, म्हणजे २.२ मायक्रोसेकंदांत, नाहींसा होतो. आणि मोकळा न्यूट्रॉन सरासरीनें जवळजवळ पाऊण तासाच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे पंधरा मिनिटांना थोडा कमी, टिकतो. आयुष्यांत एवढें महदंतर. परंतु मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा विचार करून गणित केलें तेव्हां १९४९ च्या सुमारास असें दिसून आलें कीं, दोहोंच्या मागचा दर जवळपास सारखाच आहे. शक्ति एक, दर एक, मग गिऱ्हाईक कोणीही असो. ही कल्पना शास्त्रज्ञांना फार आवडली, आणि ती आवडण्यासारखीच होती.

पुढील दहा वर्षांत या शक्तीचें रूप अधिक स्पष्ट झालें. ती डाव्या-उजव्यांत भेद करते ही शंका ली आणि यांग यांनीं १९५६ सालीं काढली, आणि श्रीमती वू यांनीं कोबाल्टाच्या परमाणूंवर प्रयोग करून ती खरी ठरविली. या भेदाचें नेमकें रूप सांगणारा सिद्धांत १९५७ सालीं जॉर्ज सुदर्शन आणि रॉबर्ट मार्शाक या दोघांनीं मांडला. सुदर्शन हे केरळांतील कोट्टयमजवळचे. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें जाण्यापूर्वीं ते मुंबईस होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. ती संस्था त्या वेळीं गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतींत होती. त्यांचा निबंध इटलींतील परिषदेंत वाचला गेला, पण परिषदेचा वृत्तांत छापून येण्यास वेळ लागला. दरम्यान फाइनमन व गेल-मान यांचा त्याच आशयाचा लेख १९५८ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला आणि बरीच वर्षें लोकांच्या तोंडीं तींच दोन नांवें राहिलीं. दुर्बल शक्तीच्या इतिहासांत श्रेयाचा हिशेबही अनेकदां असाच चुकला आहे.

सिद्धांत नेमका झाल्याबरोबर तुटीही नेमक्या दिसूं लागल्या. त्या दोन होत्या. एक लहान होती: म्यूऑनावरून काढलेला दर आणि ऑक्सिजनच्या एका अस्थिर प्रकाराच्या बीटा-विघटनावरून काढलेला दर यांत दोनतीन टक्क्यांचें अंतर पडत होतें. बीटा-विघटनाचा दर कमी भरे. दुसरी तूट मोठी होती. मँचेस्टर येथें रॉचेस्टर आणि बटलर या दोघांस १९४७ सालीं विश्वकिरणांच्या छायाचित्रांत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खुणा आढळल्या होत्या. त्यांतून ज्या कणांचा शोध लागला ते विलक्षण कण म्हणून प्रसिद्धीस आले: जन्मतात झटकन आणि मरतात फार सावकाश. के-मेसॉन आणि लॅम्डा हे त्यांतले मुख्य. दुर्बल शक्तीनें त्यांचें विघटन होतांना जो वेग यावयास हवा त्याच्या सुमारें एक विसांश वेगच प्रत्यक्षांत आढळे. म्हणजे ‘दर एक’ ही सुंदर कल्पना एका ठिकाणीं किंचित आणि दुसऱ्या ठिकाणीं सपशेल ढांसळत होती.

निकोला कॅबिबो हा रोमचा तरुण १९६३ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेंत काम करीत होता. वय अट्ठावीस. त्यानें या दोन्ही तुटी एकमेकींसमोर ठेवल्या. एका खात्यांत थोडें कमी आहे, दुसऱ्या खात्यांत थोडेंच आहे. तर मग कमी असलेलें तेंच दुसऱ्या खात्यांत गेलें नसेल कशावरून? दर एकच आहे, फक्त तो दोन खात्यांत वांटला जातो, असें त्याचें म्हणणें. असाच विचार गेल-मान व लेव्ही यांनीं १९६० सालीं एका तळटीपेंत ओझरता मांडला होता. परंतु सगळ्या विलक्षण कणांना लागू पडेल असें गणित करून प्रयोगांशीं ताडून पाहिलें तें कॅबिबोनें.

वांटणी मात्र साध्या बेरजेची नव्हे. एखादा मनुष्य मैदानांत पूर्वेकडे तोंड करून उभा आहे, त्यानें उत्तरेकडे १३ अंशांइतकें किंचित वळावें आणि सरळ शंभर पावलें चालावें. तो पूर्वेकडे सुमारें ९७ पावलें आणि उत्तरेकडे सुमारें २२ पावलें सरकलेला असेल. ९७ आणि २२ यांची बेरीज शंभर होत नाहीं. पण दोहोंचे वर्ग करून मिळविले तर शंभराचा वर्ग येतो; कोणत्याही काटकोन त्रिकोणाची हीच रीत आहे. दुर्बल शक्तीचें ‘तोंड’ असेंच आहे. सामान्य कणांची दिशा पूर्व मानली आणि विलक्षण कणांची उत्तर मानली, तर दुर्बल शक्ति या दोहोंपैकीं कोणत्याच दिशेला नीट पाहत नाहीं; ती जराशी तिरपी उभी आहे. या तिरपेपणालाच कॅबिबोचा कोन म्हणतात, आणि त्याचें मान जवळजवळ १३ अंश आहे. विघटनाचा वेग वर्गावर अवलंबून असतो. म्हणून सामान्य खात्यांत शंभरांतले सुमारें पंचाण्णव आणि विलक्षण खात्यांत सुमारें पांच जातात. पांच म्हणजेच एक विसांश. मोठी तूट आणि लहान तूट एकाच कोनानें भरून निघाली.

क्वार्कांची कल्पना पुढच्याच वर्षीं, १९६४ सालीं, आली आणि कॅबिबोचें म्हणणें फार सोपें झालें. प्रोटॉन, न्यूट्रॉन हे स्वतः मूळ कण नव्हेत. ते अप आणि डाऊन या दोन क्वार्कांचे बनलेले आहेत. विलक्षण कणांत स्ट्रेंज हा तिसरा क्वार्क असतो. न्यूट्रॉनांतील एक डाऊन क्वार्क अप होतो, तेव्हां न्यूट्रॉनाचा प्रोटॉन झालेला दिसतो. प्रबल शक्तीच्या दृष्टीनें डाऊन आणि स्ट्रेंज हे दोन स्वच्छ निरनिराळे कण आहेत. दुर्बल शक्तीला मात्र तसे ते दिसत नाहींत. तिला अपचा जोडीदार म्हणून दिसतो तो पुष्कळसा डाऊन आणि थोडासा स्ट्रेंज असा एक मिश्र कण. क्वार्कांचें मिश्रण म्हणतात तें हेंच. पाण्यांत दूध मिसळावें तसें हें मिश्रण नाहीं. एकाच वस्तूला दोन निरनिराळ्या शक्ति दोन निरनिराळ्या चौकटींतून पाहतात आणि त्या चौकटी एकमेकींशीं तिरप्या बसल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

येथेंच तिसरी तूट निघाली. या वेळीं ती नसलेल्या गोष्टीची होती. मिश्रणाच्या गणिताप्रमाणें विद्युद्भाररहित के-मेसॉन कधीं कधीं दोन म्यूऑनांत मोडावयास हवा होता. भारयुक्त के-मेसॉन शंभरांतून ६३ वेळां म्यूऑन आणि न्यूट्रिनो यांत मोडतो. त्या मानानें या दुसऱ्या विघटनाचीही चांगली संख्या दिसावयास हवी होती. प्रत्यक्षांत तें विघटन शंभर कोटींत सातच्या आसपास होतें. मिश्र कणांत दोन अंग असतील तर त्याच्याशीं काटकोनांत असलेलें दुसरें मिश्रण कोठें आहे, असा प्रश्न ग्लॅशो, इलियोपुलोस आणि मायानी यांनीं १९७० सालीं विचारला. तें दुसरें मिश्रण असेल आणि त्यालाही चार्म नांवाचा एक चौथा क्वार्क जोडीदार असेल, तर दोन खात्यांतल्या रकमा एकमेकींस जवळजवळ पूर्णपणें खोडून टाकतात. चार वर्षांनीं, नोव्हेंबर १९७४ मध्यें, ब्रुकहेवन येथें टिंग आणि स्टॅनफर्ड येथें रिश्टर या दोघांच्या मंडळ्यांना चार्म क्वार्कानें बनलेला कण एकाच सुमारास सांपडला.

मध्यंतरीं के-मेसॉनानें आणखी एक कोडें घातलें होतें. १९६४ सालीं ब्रुकहेवन येथें क्रोनिन, फिच व त्यांचे दोन सहकारी यांना असें दिसलें कीं, दीर्घायुषी के-मेसॉन हजारांतून सुमारें दोन वेळां जें करावयास नको तें करतो. कण आणि प्रतिकण यांच्यांत निसर्ग समान वागणूक ठेवतो, अशी जी समजूत होती ती त्यामुळें मोडली. हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. विश्वाच्या आरंभीं द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणांत निर्माण झालें असेल, तर दोहोंनीं एकमेकांचा नाश करून केवळ प्रकाश शिल्लक राहावयास हवा होता. द्रव्य शिल्लक राहिलें त्या अर्थीं कोठेंतरी पक्षपात झाला, हा विचार आंद्रेय साखारोव्ह यानें १९६७ सालीं रशियांत मांडला.

क्योतो विश्वविद्यालयांत माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा हे दोघे तरुण १९७२ सालीं या पक्षपाताच्या मागें लागले. दोघेही नागोयाचे विद्यार्थी. जगांतील बहुतेकांचा त्या वेळीं चौथ्या क्वार्कावरही विश्वास नव्हता. या दोघांनीं चार धरून गणित केलें. चार क्वार्क असतील तर मिश्रणांत एकच कोन असतो आणि त्यांत पक्षपाताला जागाच राहत नाहीं. कितीही खटपट केली तरी तो नाहींसा करतां येतो. चार क्वार्कांनीं हें साधत नाहीं असा नकारात्मक निबंध लिहून प्रकरण संपवावें, असें मास्कावाच्या मनांत आलें होतें. आणि स्नान करून टबांतून उठतांना त्याला सुचलें कीं सहा क्वार्क धरले तर साधेल. ही हकीकत त्यानेंच सांगितलेली आहे. तीन जोड्या धरल्या म्हणजे मिश्रणाचा तक्ता नऊ घरांचा होतो. त्यांत तीन कोन येतात, आणि त्यांखेरीज एक चौथी संख्या उरते, जी कोन नसून लहरींच्या पुढेंमागें असण्याचें माप आहे. ती चौथी संख्या कशानेंही पुसतां येत नाहीं, आणि तिच्यांतच कण व प्रतिकण यांच्यांतील भेद सांठविलेला असतो. निबंध १९७३ च्या फेब्रुवारींत जपानमधील मासिकांत प्रसिद्ध झाला आणि कांहीं काळ कोणी त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पांचवा क्वार्क शिकागोजवळ फर्मी प्रयोगशाळेंत १९७७ सालीं, आणि सहावा त्याच ठिकाणीं १९९५ सालीं सांपडला.

चौथ्या संख्येची खरी परीक्षा जपानमधील त्सुकुबा आणि कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें झाली. पांचव्या क्वार्काचे बी-मेसॉन कोट्यवधींनीं तयार करून ते व त्यांचे प्रतिकण यांच्या विघटनांतील फरक मोजावयाचा, असे ते दोन प्रयोग. २००१ सालीं दोन्हीं ठिकाणीं फरक दिसला, आणि तो कोबायाशी-मास्कावांच्या तक्त्यांत बसला. त्सुकुबाच्या बेल प्रयोगांत मुंबईच्या टाटा संस्थेचाही भाग होता. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: विश्वांत जेवढें द्रव्य उरलें आहे तेवढें उरावें यासाठीं ही चौथी संख्या फारच तोकडी पडते. ज्या कोड्यासाठीं तक्ता तयार झाला त्याचा एक भाग सुटला, मोठा भाग तसाच आहे.

२००८ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक अर्धें योइचिरो नांबू यांस आणि उरलेलें कोबायाशी व मास्कावा यांस मिळालें. तक्त्याला जगभर कॅबिबो-कोबायाशी-मास्कावा असें तिघांचें नांव आहे. पारितोषिकांत पहिलें नांव नव्हतें. इटलींत त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त झाली. कॅबिबो ऑगस्ट २०१० मध्यें रोम येथें वारला. मास्कावानें आपलें नोबेल व्याख्यान जपानी भाषेंतच दिलें, हेंही जातां जातां नमूद करण्यासारखें आहे.

आतां आजच्या तुटीकडे. नऊ घरांच्या तक्त्यांतील पहिल्या ओळींत तीन आंकडे आहेत: अप क्वार्काचा डाऊनशीं, स्ट्रेंजशीं आणि बॉटमशीं संबंध किती. या तिघांच्या वर्गांची बेरीज बरोबर एक यावयास हवी; मैदानांतील मनुष्य तिरपा चालला तरी पावलें शंभरच टाकतो, तसें. बॉटमचा वर्ग लाखांत दीड, म्हणून तो सोडून दिला तरी चालण्यासारखा आहे. सगळा भार पहिल्या दोघांवर आहे. पहिला आंकडा सुमारें ०.९७४, दुसरा सुमारें ०.२२४.

ही बेरीज एकदां पूर्वींही कमी भरली होती. २००२ च्या सुमारास ती ०.९९६ च्या जवळ होती. म्हणजे दहा हजारांत सुमारें चाळीस कमी. क्वार्कांची चौथी जोडी असावी कीं काय, अशी चर्चा सुरू झाली. तेवढ्यांत २००३ सालीं ब्रुकहेवन येथें भारयुक्त के-मेसॉनांची आणि २००४ सालीं फर्मी प्रयोगशाळेंत भाररहित के-मेसॉनांची नव्यानें मोजणी झाली, आणि दोन्ही ठिकाणीं असें निष्पन्न झालें कीं, ज्या विघटनावरून दुसरा आंकडा काढीत त्याच्या जुन्या मोजण्याच सुमारें पांच टक्क्यांनीं कमी होत्या. जुने आंकडे वर्षानुवर्षें एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आले होते. दुरुस्ती केल्यावर बेरीज एकाला येऊन भिडली, आणि चौदा वर्षें वही बिनतक्रार बंद राहिली.

ती पुन्हां उघडली २०१८ सालीं, आणि ती प्रयोगानें नव्हे तर कागदावरच्या गणितानें. पहिला आंकडा काढण्यासाठीं कांहीं निवडक परमाणूंचीं बीटा-विघटनें वापरतात. त्यांत परमाणुगर्भाची रचना शक्य तितकी आड येत नाहीं. हार्डी आणि टाउनर या दोघांनीं अशा विघटनांच्या मोजण्या अनेक दशकें गोळा करून, चाळून, सुधारून ठेवल्या आहेत. हें काम झगमगाटाचें नाहीं, पण त्यावांचून पुढचें कांहींच झालें नसतें. मोजणीनंतर मात्र त्यांतून वर्तावळा वजा करावा लागतो. विघटन होतांना बाहेर पडणारा भारयुक्त कण क्षणभर प्रकाशकणांची देवघेव करतो आणि तेवढ्यानें वेग थोडा वाढलेला दिसतो. या वर्तावळ्याचा सर्व विघटनांना समान असलेला भाग पूर्वीं २.३६ टक्के धरीत. सेंग, गोर्श्टाइन, पटेल आणि रॅम्झी-मुसोल्फ यांनीं तो नव्या पद्धतीनें मोजला तेव्हां सुमारें २.४७ टक्के आला. टक्क्याचा एक दशांश भाग! पण त्यामुळें पहिला आंकडा खालीं आला, आणि वर्गांची बेरीज ०.९९९४ वरून ०.९९८५ च्या घरांत गेली. मोजणींतील अनिश्चितता दहा हजारांत सातआठ आहे. तूट तिच्या दुप्पट. व्यापारी एवढ्यावर दिवाळें काढणार नाहीं, पण झोंप शांत लागणार नाहीं इतकी ती खास आहे.

शिवाय दुसऱ्या आंकड्याच्या घरांतही वाद आहे. के-मेसॉन तीन कणांत मोडतो त्यावरून तो ०.२२३ च्या जवळ येतो. दोन कणांत मोडतो त्यावरून काढला तर ०.२२५ च्या जवळ. एकाच मनुष्यानें दोन तराजूंवर स्वतःस तोलावें आणि दोन वजनें यावीं, तसें हें झालें. तेव्हां चूक तराजूची असण्याचा संभव कोणी नाकारूं शकत नाहीं, आणि २००४ सालचा अनुभव ताजा असल्यामुळें नाकारूंही नये. उलट पक्षीं, ही तूट खरी असेल तर अप क्वार्काचा आणखी एखादा न दिसलेला जोडीदार असला पाहिजे, किंवा ज्या म्यूऑनावरून मूळ दर ठरविला जातो त्याच्या विघटनांतच एखाद्या अनोळखी कणाचा हात असला पाहिजे. १९३० सालीं तूट खरी होती. १९६३ व १९७० सालींही होती. २००२ सालीं ती खोटी होती. नुसत्या आंकड्याकडे पाहून या दोन प्रकारांतला फरक ओळखतां येत नाहीं, आणि जो कोणी आजच छातीठोकपणें एक बाजू घेतो त्याचें ऐकून घ्यावें, पण पदरीं गांठ बांधूं नये.

तुटीचा निकाल लावण्याचा एक मार्ग परमाणुगर्भाला बाजूला ठेवून एकट्या न्यूट्रॉनाचें आयुष्य मोजण्याचा. तेथेंही गंमत अशी कीं, न्यूट्रॉनांना कोंडून ठेवून किती उरले हें मोजलें तर सरासरी आयुष्य सुमारें ८७८ सेकंद येतें, आणि वाहत्या झोतांतून किती प्रोटॉन निघाले हें मोजलें तर सुमारें ८८८ सेकंद. दहा सेकंदांच्या या अंतराचा उलगडा सर्वमान्य असा अजून झालेला नाहीं.

दुसरा मार्ग पायॉनाचा. पायॉनांत फक्त एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क, म्हणून वर्तावळ्याचें गणित तेथें सर्वांत स्वच्छ. अडचण एकच आहे. पायॉनाचें जें बीटा-विघटन मोजावयास हवें तें सुमारें दहा कोटी पायॉन मोडतील तेव्हां एकदां घडतें. बाकीचे बहुतेक सगळे म्यूऑनाच्या वाटेनें जातात. स्वित्झर्लंडमधील विलिगेन गांवीं पॉल शेरर संस्थेंत यासाठीं पायोनियर नांवाच्या प्रयोगाची योजना आहे. आधीं पायॉनाच्या दुसऱ्या एका विघटनाची मोजणी व्हावयाची, आणि तिच्यानंतर या दहा कोटींतल्या एकाची पाळी यावयाची आहे.